विक्रांत

विमान कितीही वेगवान असले, तरी त्याच्या झेपेला मर्यादा असते. पोटात भरून घेतलेले इंधन संपण्यापूर्वी त्याला खाली उतरावेच लागते, आणि उतरण्यासाठी जमीन हवी असते. जमिनीवर ही अडचण फारशी जाणवत नाही. कारण गावोगावी नसले, तरी ठिकठिकाणी विमानतळ असतात. परंतु जेथे चहूकडे केवळ पाणीच पाणी आहे, अशा महासागरात विमानाने उतरावे तरी कोठे? या प्रश्नाचे उत्तर माणसाने मोठ्या युक्तीने शोधून काढले. विमानाला जमिनीपर्यंत येता येत नसेल, तर जमिनीनेच विमानाबरोबर समुद्रात जावे! अशी चालती-बोलती जमीन म्हणजेच विमानवाहू नौका होय.

ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आणली ती यूजीन एली नावाच्या एका अमेरिकन वैमानिकाने. १४ नोव्हेंबर १९१० रोजी त्याने 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेवर बांधलेल्या लाकडी फलाटावरून विमान उडविले. फलाट इतका आखूड होता, की विमान नौकेवरून सुटताच खाली गेले आणि त्याची चाके पाण्याला लागली. तरीही ते वर चढले. उडणे साधले, आता उतरणे साधावयाचे होते, आणि ते अधिक कठीण होते. १८ जानेवारी १९११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात उभ्या असलेल्या 'पेनसिल्व्हेनिया' या नौकेवर एली उतरला. नौकेवरील फलाटावर आडवे दोर ताणले होते व प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या बांधल्या होत्या. विमानाच्या पोटाखाली आकडे होते. ते दोरांत अडकले, पिशव्यांचे ओझे मागे खेचू लागले आणि विमान थांबले. पाण्यात पडलोच तर तरंगता यावे, म्हणून एलीने सायकलीच्या रबरी नळ्या अंगाभोवती गुंडाळून घेतल्या होत्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात एका विमान-अपघातात या धाडसी तरुणाचा अंत झाला. पण त्याने दाखविलेली दोर आणि आकडा यांची युक्ती आजही जगातील बहुतेक मोठ्या विमानवाहू नौकांवर वापरली जाते.

विमानवाहू नौकेवरून विमान कसे उडते, हे समजून घेण्यासारखे आहे. विमान उचलले जाते ते त्याच्या पंखांभोवती वेगाने वाहणाऱ्या हवेमुळे. समजा, एखाद्या विमानाला उचलले जाण्यासाठी ताशी २०० किलोमीटर वेगाची हवा लागते. नौका वाऱ्याच्या दिशेला तोंड करून ताशी ४० किलोमीटर वेगाने निघाली आणि समोरून ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा येत असला, तर विमान जागेवर उभे असतानाच त्याला ताशी ६० किलोमीटर वेगाची हवा मिळते. मग त्याला स्वतः मिळवावयाचा वेग उरतो तो केवळ १४० किलोमीटरांचा. म्हणून विमाने उडवावयाची वेळ आली, की विमानवाहू नौका प्रथम वाऱ्याला सामोरी होते आणि वेग वाढविते.

तरीही जागा थोडीच असते. जमिनीवरील धावपट्टी एक-दोन किलोमीटर लांब असते. नौकेवर मात्र दोनशे मीटरांच्या आतच सारे काम उरकावे लागते. त्यासाठी दोन उपाय आहेत. एक उपाय गोफणीसारखा आहे. शेतातील राखणदार गोफणीतून दगड भिरकावतो, त्याप्रमाणे वाफेच्या जोरावर चालणारे यंत्र विमानाला पुढे भिरकावून देते. दुसरा उपाय म्हणजे नौकेच्या पुढील टोकाला धावपट्टी वर उचललेली ठेवणे. घसरगुंडी उलटी करून खालून वर धावत जावे, तसे विमान या चढावरून आकाशात फेकले जाते. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा पोलादी दोरात अडकतो व सुमारे शंभर मीटरांत विमान थांबते. येथे एक नवल आहे. नौकेला चाके टेकताच वैमानिक वेग कमी करीत नाही, उलट इंजिन पूर्ण जोराने चालवितो. कारण आकडा दोरात अडकला नाही, तर त्याला क्षणार्धात पुन्हा आकाशात झेप घ्यावी लागते. तेवढा वेग हाताशी नसेल, तर समोर समुद्र असतो.

भारताच्या पहिल्या विमानवाहू नौकेची कथा परदेशात सुरू झाली. दुसरे महायुद्ध चालू असताना, १४ ऑक्टोबर १९४३ रोजी, इंग्लंडमधील टाइन नदीच्या काठी एका नौकेची बांधणी सुरू झाली. तिचे नाव होते 'हर्क्युलीस'. २२ सप्टेंबर १९४५ रोजी तिचे जलावतरण झाले; पण तोपर्यंत युद्ध संपले होते. ज्या कामासाठी नौका बांधावयाची, ते कामच उरले नाही. १९४६ च्या मे महिन्यात बांधणी थांबविण्यात आली. सुमारे तीन-चतुर्थांश पूर्ण झालेली ती नौका दहा वर्षांहून अधिक काळ तशीच पडून राहिली. तिला शिडीवरून चढणारे खलाशी नव्हते, तिच्यावर उतरणारी विमाने नव्हती.

इकडे १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. भारताचा किनारा हजारो किलोमीटर लांब. पूर्वेस अंदमान-निकोबार आणि पश्चिमेस लक्षद्वीप अशी बेटे किनाऱ्यापासून दूर समुद्रात वसलेली. देशाचा बहुतेक व्यापार जलमार्गाने चालणारा. एवढ्या समुद्रावर नजर ठेवावयाची, तर नौदलाला समुद्रावरून उडणारे डोळे हवे होते. म्हणून १९५७ च्या जानेवारीत भारताने ही अर्धवट नौका विकत घेतली. पुढील काम बेलफास्ट येथील गोदीत पूर्ण झाले. मधली वर्षे अगदीच वाया गेली नव्हती. त्या काळात जेट विमाने प्रचारात आली होती, तिरक्या धावपट्टीचा आणि वाफेच्या यंत्राचा शोध लागला होता. नौका अपुरी होती, म्हणूनच या नव्या सुधारणा तिच्यात करून घेणे सोपे झाले.

४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ब्रिटनमधील भारताच्या उच्चायुक्त श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ही नौका भारतीय नौदलात दाखल झाली. तिला 'विक्रांत' असे नाव देण्यात आले. विक्रांत म्हणजे पराक्रमी. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू हे तिचे पहिले नायक होते. त्याच वर्षी १८ मे रोजी लेफ्टनंट आर. एच. टहिलियानी यांनी आपले जेट विमान तिच्यावर उतरविले. हेच तरुण अधिकारी पुढे भारतीय नौदलाचे प्रमुख झाले. 'सी हॉक' ही जेट लढाऊ विमाने आणि पाणबुड्यांचा शोध घेणारी 'अलिझे' विमाने घेऊन विक्रांत ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईस पोहोचली. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी तिचे स्वागत केले. बांधणीच्या प्रारंभापासून अठरा वर्षांनी ती नौका आपल्या घरी आली होती.

मुंबईस येऊन दोन महिनेही झाले नाहीत, तोच तिला पहिली कामगिरी मिळाली. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी भारतीय सेना निघाली, तेव्हा बाहेरून कोणी हस्तक्षेप करू नये म्हणून विक्रांत गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात पहारा देत राहिली. तिला तेथे लढावे लागले नाही. पहाऱ्याचे काम असेच असते. ते नीट झाले, तर काहीच घडत नाही.

१९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले, त्या वेळी मात्र विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी उभी होती. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. खारे पाणी पोलादाला खात असते, यंत्रे झिजत असतात. समुद्रात काही काळ काढला, की प्रत्येक नौकेला गोदीत यावेच लागते, आणि विमानवाहू नौकेची दुरुस्ती पुष्कळ दिवस चालते. ज्या देशापाशी अशी एकच नौका असेल, त्याला ऐन गरजेच्या वेळी ती मिळेलच असे नाही. १९६५ च्या अनुभवाने ही गोष्ट स्पष्ट झाली.

खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. पूर्व पाकिस्तानातील लाखो निर्वासित भारतात आले होते आणि युद्धाचे ढग जमू लागले होते. नेमक्या त्याच सुमारास विक्रांतच्या चार बाष्पित्रांपैकी एकाला तडे गेल्याचे आढळले. बाष्पित्र म्हणजे ज्यात पाण्याची वाफ होते तो बंद पोलादी हंडा. त्याच वाफेवर नौका चालत असे आणि विमाने भिरकावणारे यंत्रही चालत असे. वाफ कमी म्हणजे नौकेचा वेग कमी. वेग कमी म्हणजे विमानाच्या पंखांना मिळणारी हवा कमी. अशी नौका युद्धात धाडणे म्हणजे हजाराहून अधिक माणसांचे प्राण पणाला लावणे होते. उलट, तिला बंदरात ठेवावे, तर पूर्वेच्या समुद्रात शत्रूची वाट अडविणार कोण? दुखावलेले बाष्पित्र बंद ठेवून उरलेल्या तीन बाष्पित्रांवर नौका चालवावी, कमी वेगात विमाने उडविण्याचा सराव करावा आणि तिला बंगालच्या उपसागरात पाठवावे, असे ठरले. कॅप्टन स्वराज प्रकाश हे त्या वेळी तिचे नायक होते.

विक्रांत बुडविण्यासाठी पाकिस्तानने आपली 'गाझी' ही लांब पल्ल्याची पाणबुडी बंगालच्या उपसागरात पाठविली. भारतीय नौदलाने शक्तीबरोबर युक्तीचाही आधार घेतला. विक्रांत गुपचूप अंदमानच्या एका निर्जन उपसागरात जाऊन राहिली. इकडे 'राजपूत' ही जुनी विनाशिका विक्रांत असल्याचे सोंग घेऊन बिनतारी संदेश धाडू लागली. विक्रांत विशाखापट्टणमजवळच आहे, असे शत्रूला वाटावे, हा त्यामागील हेतू होता. तो हेतू साधला. विक्रांतच्या शोधात आलेली गाझी ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमनजीक बुडाली आणि तिच्यावरील सर्व माणसांना जलसमाधी मिळाली. ते शत्रूपक्षाचे होते. तथापि तेही आपले कर्तव्य बजावीत असता मरण पावले, हे विसरता येत नाही.

४ डिसेंबर १९७१ रोजी सकाळी विक्रांतवरून सी हॉक विमानांची पहिली तुकडी उडाली. लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता त्यांचे नेतृत्व करीत होते. त्या दिवशी कॉक्स बाजार आणि चितगाव येथील विमानतळांवर व बंदरावर हल्ले झाले. पुढील दिवसांत दिवसा सी हॉक आणि रात्री अलिझे विमाने उडत राहिली. खुलना, मोंगला येथील बंदरांपर्यंत त्यांनी धडक मारली. शत्रूला समुद्रमार्गे मदत मिळेना की माघार घेता येईना. १६ डिसेंबर रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. कॅप्टन स्वराज प्रकाश आणि लेफ्टनंट कमांडर गुप्ता यांना महावीर चक्राने गौरविण्यात आले. या यशात वैमानिकांचा वाटा मोठा होता. पण नौकेच्या तळाशी, उकाड्यात, तीन बाष्पित्रांवर चौथ्याचेही काम भागविणाऱ्या खलाशांचा वाटा त्याहून लहान नव्हता. त्यांना ना आकाश दिसत होते, ना उडणारी विमाने. वाफ मात्र त्यांनी कमी पडू दिली नाही.

पुढे विक्रांत वृद्ध झाली. १९८७ मध्ये 'विराट' ही दुसरी विमानवाहू नौका भारताने ब्रिटनकडून घेतली. ३१ जानेवारी १९९७ रोजी विक्रांतला निरोप देण्यात आला. मुंबईच्या बंदरात ती काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती आणि शाळांतील अनेक मुलांनी तिच्या उड्डाणपट्टीवरून फेरफटका मारला. पण जुन्या पोलादाची निगा राखणे दिवसेंदिवस कठीण झाले. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले आणि २०१४ मध्ये मुंबईच्या दारूखाना भागात ती मोडण्याचे काम सुरू झाले. तिला वाचवावे असे पुष्कळांना वाटत होते. तिचे काही पोलाद पुढे पुण्याच्या एका कारखान्याने मोटारसायकली बनविण्यासाठी वापरले.

विक्रांतची जागा कोणी घ्यावी? एक मार्ग होता दुसऱ्या देशाकडून जुनी नौका घेण्याचा. त्याप्रमाणे २००४ मध्ये रशियाशी करार झाला. ती नौका २००८ मध्ये मिळावयाची होती. परंतु जुन्या नौकेत करावयाचे बदल अपेक्षेहून फार मोठे निघाले, वेळ वाढला, खर्चही वाढला. अखेर १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ती 'विक्रमादित्य' या नावाने भारतीय नौदलात आली. दुसरा मार्ग होता नौका स्वतः बांधण्याचा. तो अधिक कठीण होता; कारण एवढी मोठी युद्धनौका भारतात पूर्वी कधी बांधलीच नव्हती.

तरीही तो मार्ग पत्करण्यात आला. पहिली अडचण पोलादाची आली. युद्धनौकेचे पोलाद साधे नसते. स्फोटाचा धक्का सोसूनही ते तडकता कामा नये. असे पोलाद पूर्वी परदेशातून येत असे. ते वेळेवर मिळेना, तेव्हा हैदराबाद येथील संरक्षण-संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी ते येथेच तयार करण्याची रीत शोधली, आणि भिलाई, बोकारो व राउरकेला येथील सरकारी कारखान्यांतून सुमारे ३०,००० टन पोलाद तयार झाले. केरळमधील कोची येथील गोदीत २००५ मध्ये पोलादाचा पहिला पत्रा कापला गेला. २८ फेब्रुवारी २००९ रोजी नौकेचा कणा घातला गेला. १२ ऑगस्ट २०१३ रोजी तिचे जलावतरण झाले. काही महत्त्वाची यंत्रे उशिरा आली. पुढे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने कामगारांना गोदीपासून दूर ठेवले. तरीही काम सुटले नाही. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ती प्रथमच खुल्या समुद्रात चाचणीसाठी निघाली. ते वर्ष १९७१ च्या विजयाचे पन्नासावे वर्ष होते.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ही नौका नौदलात दाखल झाली. तिचे नावही 'विक्रांत' आणि तिच्या अंगावरील खूणही जुन्या विक्रांतचीच – 'आर ११'. याच समारंभात भारतीय नौदलाला नवा ध्वज मिळाला. त्यावरील अष्टकोनी ढाल छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली आहे. ज्या राजाने सतराव्या शतकात कोकणच्या किनाऱ्यावर आपल्या आरमाराचा पाया घातला, त्याचे असे स्मरण त्या दिवशी झाले.

नवी विक्रांत २६२ मीटर लांब आहे. जुनी विक्रांत २१३ मीटर लांब होती. पूर्ण भारासह नव्या नौकेचे वजन सुमारे ४३,००० टन भरते. तिच्यात सुमारे २,२०० दालने असून सुमारे १,६०० माणसे राहू शकतात. स्त्री अधिकारी व खलाशी यांच्यासाठीही तिच्यात सोय आहे. तिच्यात बाष्पित्रे नाहीत. चार गॅस टर्बाइन यंत्रे तिला चालवितात. विमाने भिरकावणारे यंत्रही तिला नाही. तिची धावपट्टी पुढील टोकाला वर उचललेली आहे. अशाच उचललेल्या धावपट्टीवर वैमानिकांनी गोव्यातील नौदलाच्या विमानतळावर आधी सराव केला होता. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी लढाऊ विमाने प्रथमच या नौकेवर उतरली, आणि त्याच वर्षी जून महिन्यात विक्रमादित्य व विक्रांत या दोन्ही नौकांनी अरबी समुद्रात एकत्र कवायत केली.

विमानवाहू नौका कधी एकटी निघत नाही. तिच्याभोवती विनाशिका व इतर युद्धनौका असतात, पाण्याखाली पाणबुडी असते आणि इंधन पुरविणारे जहाजही बरोबर असते. तिचा आकार मोठा असल्यामुळे शत्रूचा डोळाही तिच्यावरच असतो. त्यामुळे एवढा पैसा अशा एकाच नौकेत गुंतवावा की अनेक लहान नौका व पाणबुड्या बांधाव्यात, याविषयी जाणत्यांमध्ये आजही मतभेद आहेत. एका गोष्टीविषयी मात्र मतभेद नाही. कणा घालण्यापासून नौदलात दाखल होईपर्यंत जुन्या विक्रांतला सतरा वर्षांहून अधिक काळ लागला आणि नवीला तेरा वर्षे लागली. युद्ध मात्र अशी सूचना देऊन येत नाही. १९७१ मध्ये जी नौका कामी आली, तिचा निर्णय १९५७ मध्ये झाला होता.

तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही, असे वडीलधारी माणसे म्हणतात. शेतकरी आंब्याची कोय लावतो, तेव्हा फळे आपल्या नातवंडांच्या ताटात पडतील हे त्याला ठाऊक असते. २००५ मध्ये कोचीच्या गोदीत ज्यांनी पहिला पत्रा कापला, त्यांपैकी कित्येक जण नौका समुद्रात जाण्यापूर्वी निवृत्त झाले असतील. त्यांनी सांधलेले सांधे मात्र आज समुद्राच्या लाटा झेलीत आहेत.

स्वाध्याय

१. विमाने उडविण्यापूर्वी विमानवाहू नौका वाऱ्याला सामोरी का होते? पाठातील उदाहरणाच्या आधारे सांगा.
२. 'हर्क्युलीस' अपुरी राहिल्याचा भारताला कोणता लाभ झाला?
३. १९७१ मध्ये विक्रांतला समुद्रात पाठविण्याच्या निर्णयात कोणता धोका होता? तो का पत्करण्यात आला?
४. एकच विमानवाहू नौका असणे देशाला का पुरेसे नाही?
५. 'तहान लागल्यावर विहीर खणणे' या म्हणीचा अर्थ सांगून ती या पाठाला कशी लागू पडते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.